क्लिमेकच्या जिन्यातलं टेंगूळ

नॉर्बर्ट क्लिमेकनं एकेचाळीस वर्षं लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या, आणि त्यातल्या एकाही भिंतीवर त्याचा हात कुठं फिरला ते कुणाला सापडलं नाही. हे आम्ही सांगत नाही, तो स्वतःच सांगायचा. आमच्या डेप्यू गावापासून बफेलो शहरापर्यंत ज्या घरात जेवायला बोलावलं, त्या घरात सूप येण्याआधी सांगायचा. पण खोटं सांगायचा नाही. आमच्याकडं घरं लाकडी सांगाड्याची, आतून जिप्समचे बोर्ड ठोकलेले. दार जोरात ढकललं की दाराची मूठ मागं जाऊन भिंतीला भोक. फुटबॉलमध्ये आपला संघ हरला की बाप्येमाणसं भिंतीला बुक्की मारतात आणि सोमवारी नॉर्बर्टला फोन करतात. तो यायचा, पुट्टीची बादली खाली ठेवायचा, कुणाशी एक शब्द न बोलता भोक बुजवायचा. मग खिशातली बॅटरी काढून भिंतीला गाल लावल्यासारखी आडवी धरायचा. आडव्या उजेडात भिंत लपवाछपवी करू शकत नाही, केसाएवढा उंचवटा असला तरी सावली पडते. नॉर्बर्टच्या भिंतीवर सावली पडत नसे.

"शोधा," म्हणायचा. "सापडलं तर थापी चावून खातो."

थापी कधी खावी लागली नाही.

शाळा त्यानं सोळाव्या वर्षी सोडली. बाप रेल्वेच्या कारखान्यातून घरी बसला आणि धाकटा लिऑन अभ्यासात हुशार निघाला. घरात कमावता एकच होणार होता, तो नॉर्बर्ट झाला. लिऑन शिकला, भूगोलाचा मास्तर झाला, टाय लावून फिरला. त्या टायची गाठसुद्धा आपल्या घामाची आहे, असं नॉर्बर्ट चारचौघांत म्हणायचा. लिऑन म्हणायचा, "गाठ तुझी, गळा माझा." अशी दोघांची भाषा.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या जिन्यात, ईस्टरच्या आधीच्या सोमवारी सकाळी, भिंतीला भगदाड पडलं. आणि ते पाडलं कुणी? नॉर्बर्टच्याच कुल्ल्यानं.

धुवायच्या कपड्यांची टोपली घेऊन तो वरून खाली येत होता. पायात मोजे. खालून चौथ्या पायरीवर पाय सटकला, माणूस आडवा झाला, आणि कंबर थेट बोर्डात गेली. आवाज झाला तो बिस्किटाचा डबा चेपल्यासारखा. अर्धा भिंतीत अर्धा बाहेर असा तो बराच वेळ बसून राहिला, अंगावर ओल्या टॉवेलांचा ढीग. हाडं शाबूत होती. उजवा खांदा मात्र गेला. हात कोपरापर्यंत हलत होता, त्याच्या वर नाव घ्यायला तयार नव्हता. दवाखान्यात त्यानं सांगितलं, बर्फ ओढताना लचकला. एप्रिलमध्ये आमच्याकडं हे कुणीही खरं मानतं.

धरायला जिन्यात दांडा असता तर हे झालंच नसतं. दांडा होता. नऊ वर्षांपूर्वी त्याची बायको वांडा जिवंत असताना ती म्हणाली, जिना रंगवू या. नॉर्बर्टनं दांडा काढला, स्क्रूची आठ भोकं बुजवली, भिंत अशी घासली की आरसा झक मारेल. आणि मग ती भिंत बघून त्याचा जीव दांडा परत ठोकायला होईना. "या भिंतीत पुन्हा भोकं पाडू? मी?" वांडा ओरडली, मुलगी ओरडली. दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात गेला तो गेलाच. वांडाही गेली. भिंत तेवढी राहिली. सगळ्या डेप्यूत तशी भिंत नव्हती, हे मात्र खरं.

आता पेच असा होता. मुलगी रोझॅन शनिवारी येणार होती. ती पिट्सबर्गला असते. काम काय करते? पडलेल्या म्हाताऱ्यांना परत चालायला शिकवते. म्हणजे बघा, अख्ख्या अमेरिकेत बापाला दुसरी मुलगी मिळाली नाही. ख्रिसमसला तिनं त्याला समोर बसवून विचारलं होतं, "डॅड, शब्द दे. एकदा जरी पडलास, एकदाच, तर घर विकायचं आणि आमच्याकडं यायचं. खाली खोली तयार आहे." त्यानं शब्द दिला. पडणारच नाही असा माणूस होता, द्यायला काय जातं? आणि नॉर्बर्ट क्लिमेक दिलेला शब्द मोडत नाही, हेही तो सूप येण्याआधी सांगायचा. म्हणजे रोझॅनला भोक दिसलं की घर गेलं. सगळा हिशेब तेवढा.

मंगळवारी त्यानं लिऑनला फोन केला. दुसऱ्या कुणाला करणार? धंद्यातल्या एखाद्याला बोलावलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की क्लिमेकच्या घरात भोक बुजवायला दुसऱ्याला बोलावतात. त्यापेक्षा भोक बरं.

बुधवारी सकाळी लिऑन आला. सहासष्ट वर्षांचा, नवा कोरा एप्रन घातलेला, हातात प्लॅस्टिकची बादली, खिशातून मोबाइल डोकावतोय.

"हे काय आणलंस?" नॉर्बर्ट जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसला होता. उजवा हात झोळीत, डाव्या हातात बॅटरी.

"पुट्टी. तयार मिळते. झाकण उघडायचं आणि लावायची."

"मी तुला काय सांगितलं होतं? पावडरची गोणी. पाण्यात कालवायची, पाऊण तासात घट्ट."

"दुकानातली पोरगी म्हणाली, नवशिक्यानं हीच घ्यावी."

"दुकानातली पोरगी! त्या पोरीच्या आजीच्या स्वयंपाकघराचं छत मी केलंय!"

"मग आजीला फोन कर."

"अरे शहाण्या, ही हवेवर वाळते. एका थराला एक दिवस. या ओल्या हवेत दीड. तीन थर, मग प्रायमर, मग रंग. शनिवारी पोरगी दारात! मोज, भूगोलाच्या मास्तरा, मोज!"

"मी भूगोल शिकवायचो. गणित दुसऱ्याकडं होतं," लिऑन म्हणाला आणि एप्रनची नाडी बांधू लागला.

पुन्हा दुकानात जाऊन गोणी आणता आली असती. पण लिऑननं तोवर झाकण फोडलं होतं, आणि फोडलेलं झाकण वाया घालवायचं नाही हा दोघांच्या आईचा नियम. तो या घरात अजून कुणी मोडलेला नव्हता.

पहिलं काम भोक चौकोनी कापायचं. लिऑननं चौकोन कापला तो एका बाजूनं फुगलेला. दुसरं काम ठिगळ. नॉर्बर्टची ठिगळाची रीत सगळ्या धंद्यात नावाजलेली. बोर्डाचा तुकडा भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा घ्यायचा, मागून त्या दोन बोटांपुरता मागचा कागद आणि आतला जिप्सम मोडून काढायचा, पुढचा कागद तसाच ठेवायचा. मग तुकडा भोकात बसतो आणि कडेचा कागद भिंतीवर पसरतो, टोपीच्या काठासारखा. वेगळी पट्टी लागत नाही. सोपं काम. नॉर्बर्ट ते बोलता बोलता करायचा, सिगारेट न विझवता.

लिऑननं पहिल्या तुकड्याचा कागद फाडला. दुसऱ्याचाही फाडला.

"उलट ओढतोयस! केळ्याची साल कशी काढतोस? ती जमते ना?"

"केळ्यावर ओरडणारा कुणी नसतो."

"तिसरा फाडलास तर मी तुझा कागद काढीन."

तिसरा फाटला नाही. पण भोकात बसेना, कारण भोक एका बाजूनं फुगलेलं. लिऑननं तुकडा हातानं दाबला, मग कोपरानं दाबला, मग "माफ कर रे" असं भिंतीला म्हणून गुडघ्यानं दाबला. बसला. एक कोपरा नखभर वर राहिला.

"तो कोपरा," नॉर्बर्ट म्हणाला.

"पुट्टीत झाकला जाईल."

नॉर्बर्टनं डोळे मिटले. एकेचाळीस वर्षांत हे वाक्य त्यानं किती शिकाऊ पोरांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. याला कुठं पाठवणार? भाऊ घरचाच.

मग पुट्टी. लिऑननं पात्यावर एवढा गोळा घेतला की ईस्टरच्या टोपलीत ठेवतात तसं लोण्याचं घडवलेलं कोकरू व्हावं. थापला. वर आणखी थापला.

"पातळ! पातळ! कागदाएवढी पातळ!"

"अरे पण भोक मोठं आहे."

"भोक बुजलंय! ठिगळ बसलंय! आता नुसती कड लपवायची आहे, कड! मधून बाहेर ओढ. आणखी बाहेर. हातभर लांब. संपते कुठं ते तुला स्वतःला कळता कामा नये."

"मला आत्ताच काही कळत नाहीये."

"ते दिसतंय."

नॉर्बर्टचा उजवा हात झोळीत आपोआप वळत होता. मनगट बरोबर त्या कोनात जायचं, आणि वर खांद्यात कळ उठायची. पुढ्यात स्वतःची भिंत, हाताच्या अंतरावर काम, आणि हात मेलेला. एकदा तो उठलाच. डाव्या हातानं पातं हिसकून घेतलं आणि एक फटकारा मारला. पातं आडवं गेलं, पुट्टीत नाली पडली. नॉर्बर्टनं पातं परत दिलं आणि खुर्चीत बसला.

"एकदा," लिऑन नाली भरत म्हणाला, "मी तेरा वर्षांचा होतो. तू शाळेच्या हॉलचं छत करत होतास. मी म्हणालो, मला एकदा धरू दे ना पातं. तू काय म्हणालास आठवतं?"

"नाही."

"म्हणालास, हे हात वहीसाठी आहेत, पुट्टीला लावलेस तर तोडीन."

"बरोबरच म्हणालो."

"मग आता घे वही."

गुरुवारी थर वाळला नव्हता. बोट लावलं तर बोट आत. लिऑननं घरून केस वाळवायचं यंत्र आणलं.

"ते खाली ठेव," नॉर्बर्ट म्हणाला. "गरम हवा लावलीस तर वरून वाळेल, आतून ओलं राहील, तडकेल. तळघरातला पंखा आण आणि गप बस."

लिऑननं पंखा आणला, आणि नॉर्बर्ट लघवीला गेला तेवढ्यात यंत्रही लावलं. मास्तर लोकांना वाटतं, समोरचं पोरगं नको म्हणतंय ते उगाचच. नॉर्बर्ट परत आला तर थराला वरपासून खालपर्यंत चीर, आणि चिरेला दोन्ही बाजूंनी फाटे.

दोघं बघत उभे राहिले.

"पोलंडची विस्तुला नदी," लिऑन हळूच म्हणाला. "हा वॉर्साचा वळसा. आणि हा फाटा बघ, अगदी..."

"लिऑन."

"गप बसतो."

भूगोलाच्या मास्तरानं भिंतीवर डोंगर केला आणि डोंगरातून नदी काढली. मग नदी बुजवायला आणखी पुट्टी, म्हणजे डोंगर आणखी उंच. पॉलिशपेपर घेऊन घासायला लागला तर मधे घासलं आणि कडा तशाच. नॉर्बर्ट खुर्चीतून ओरडतोय, "कडा! कडा!" आणि लिऑन पांढऱ्या धुळीत न्हालेला, पापण्यांवर पीठ, म्हणतोय, "अरे कुठली कड? चारी बाजूंना कडाच आहे!" शेजारणीनं दार वाजवून विचारलं, सगळं ठीक ना? नॉर्बर्टनं आतूनच सांगितलं, भाऊ आलाय. ती "अच्छा" म्हणून गेली.

शुक्रवारी, गुड फ्रायडेला, दोघं तीन वाजता चर्चला गेले. मुलीला ठिगळ सापडू नये म्हणून माणूस अशा दिवशी काय मागेल ते नॉर्बर्टनं मागितलं. घरी आल्यावर खांद्याची गोळी घेतली आणि कोचावर पडला. पडता पडता सांगितलं, "आधी प्रायमर. तळघरात, डाव्या फळीवर, निळा डबा. प्रायमर नाही लावलास तर पुट्टी रंग पिऊन टाकते, डाग वेगळा दिसतो. ऐकलंस?"

"ऐकलं."

ऐकलं त्यानं. पण निळा डबा उघडला तर आतलं वाळून दगड झालेलं. भावाला उठवायचं तर तो पहिल्यांदाच न कण्हता झोपला होता. लिऑननं विचार केला आणि रंग लावला. दोन हात लावला, चार हात लावला. सहा वाजले.

सहाच्या सुमाराला आमच्याकडं ऊन पुढच्या दाराच्या काचेतून आत येतं आणि नॉर्बर्टच्या जिन्याच्या भिंतीवरून आडवं घसरत वर जातं. निसर्गाची बॅटरीच ती. नॉर्बर्ट कौतुकानं पाहुण्यांना सहा वाजता उभं करून दाखवायचा, बघा, एक सावली दाखवा. त्या दिवशी तो झोपेतून उठून बाहेर आला आणि त्यानं पाहिलं.

चौथ्या पायरीच्या वर, कमरेच्या उंचीला, भिंतीला टेंगूळ आलं होतं. चांगलं परातीएवढं. डाव्या बाजूला ऊन, उजव्या बाजूला सावली. रंग मधे फिका, कडेला गडद, म्हणजे टेंगळाला परत चौकट केलेली.

लिऑन ब्रश धूत होता. "कसं झालंय?"

नॉर्बर्ट खुर्ची ओढून टेंगळाकडं पाठ करून बसला. ओरडला असता तर लिऑनला बरं वाटलं असतं.

"उद्या सकाळी ऊन नसतं इथं," लिऑन म्हणाला. "ती सकाळी येणार, ईस्टरच्या जेवणाची टोपली चर्चमध्ये आशीर्वादाला नेणार, सहा वाजता तिला मागच्या खोलीत बसव. आणि इथं आपण काहीतरी टांगू."

"कमरेच्या उंचीवर?"

"लोक टांगतात हल्ली."

शनिवारी दहाला रोझॅन आली. हातात टोपली, टोपलीत हॅम, सॉसेज, अंडी, हॉर्सरॅडिशचं किसलेलं झणझणीत मूळ, मधोमध लोण्याचं कोकरू, गळ्यात लाल फीत. नॉर्बर्टनं झोळी काढून टाकली होती आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला होता. तिनं बापाला मिठी मारली, त्यानं एका हातानं मारली. लिऑनकाकाला मारली. म्हणाली, "काका, तुझ्या कानात पीठ आहे." मग कोट काढायला वळली, आणि थांबली.

"आईचा फोटो तिथं कुणी लावला?"

लग्नातला फोटो, वांडा डोक्यावर नवरीची पांढरी जाळी घेऊन हसतेय, चौथ्या पायरीवर, कमरेपाशी.

"मी," लिऑन म्हणाला. "म्हणजे... येता जाता दिसतो."

"कुणाला? मांजराला?"

"आमच्याकडं मांजर कुठंय," नॉर्बर्ट म्हणाला.

रोझॅन चार पायऱ्या चढली. फोटो उचलला. लहान असताना बाप तिला ज्या त्या घरी बॅटरी देऊन म्हणायचा, शोध माझं ठिगळ, सापडलं तर आइस्क्रीम. तिला कधी आइस्क्रीम मिळालं नाही, पण शोधायचं कसं ते हाडात मुरलं. तिनं आधी तळवा फिरवला. मग मोबाइलचा दिवा लावून भिंतीला आडवा धरला.

टेंगूळ उठून उभं राहिलं.

तिनं दिवा बंद केला. मग वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरा होता.

"डॅड. हे तू केलंस?"

लिऑन पटकन म्हणाला, "हो ना. खुर्ची वर नेत होतो आम्ही, कोपरा लागला, छोटंसं भोक. लगेच बुजवलं त्यानं." आणि भावाकडं असं बघितलं की आता फक्त मान हलव. एवढं केलंस की घर राहिलं.

रोझॅन खाली आली. बापाचा डावा हात हातात घेतला. "बरं," ती मऊ आवाजात म्हणाली. पडलेल्या म्हाताऱ्यांशी बोलते तो आवाज. "बरं झालं की डॅड. इतकं काही वाईट नाही. सगळ्यांचाच हात जातो कधी ना कधी. सत्तरी उलटल्यावर एवढं कोण करतं?"

नॉर्बर्टनं मान हलवायची होती. फक्त मान. घर, तळघर, सहाचं ऊन, सगळं त्या एका मानेवर होतं. त्याला कळत होतं. त्यानं दात आवळले.

"कोण म्हणतो माझा हात गेला?" तो गरजला. "हे माझं काम? हे? मी मेल्यावर तीन दिवसांनी उठून पायानं केलं तरी यापेक्षा बरं करीन! हे याचं आहे! या गाढवाचं! केस वाळवायच्या यंत्रानं केलंय यानं! प्रायमर नाही लावलेला! प्रायमर!"

"डबा वाळला होता," लिऑन म्हणाला.

"मग मला उठवायचं!"

"मग तू का नाही केलंस?" रोझॅननं विचारलं.

नॉर्बर्टच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. लिऑननं कपाळाला हात लावला, कपाळ पांढरं झालं.

"डॅड, फळीवरची ती मोठी थाळी काढ बरं. टोपलीखाली घ्यायला."

"लिऑन काढेल."

"तू काढ."

त्यानं डावा हात उचलला.

"उजव्यानं."

उजवा हात खिशातून निघाला, बरगडीपर्यंत आला आणि थांबला.

रोझॅन दुसऱ्या पायरीवर बसली. "कधी?"

"सोमवारी."

"वरून?"

"चौथ्या पायरीवरून. ते काय पडणं? चौथ्या पायरीवरून पडलं तर त्याला पडणं म्हणत नाहीत."

"त्याला काय म्हणतात? मी रोज असल्यांना उभं करते. मी सांगते काय म्हणतात ते!" आता तिचा खरा आवाज आला, वांडाचा आवाज, आणि नॉर्बर्टला उगाच बरं वाटलं. "एकटा होतास. पाच दिवस तू मला सांगितलं नाहीस! दांडा काढून ठेवलायस नऊ वर्षं! एका भिंतीसाठी! भिंत मोठी की तू?"

नॉर्बर्टनं भिंतीकडं पाहिलं. "त्या भिंतीत एक भोक नव्हतं," तो म्हणाला. "एक नव्हतं, रोझॅन."

"झालं ना आता. तुझ्या कुल्ल्याच्या मापाचं."

लिऑनला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात घातलं. जमलं नाही.

"शब्द दिलाय मी," नॉर्बर्ट म्हणाला. "सामान बांधतो. नॉर्बर्ट क्लिमेक दिलेला शब्द..."

"इथं सूप येणार नाहीये, डॅड. गप बस."

मग बाराला चर्चमध्ये टोपली न्यायची होती म्हणून तिघं गेले. सगळ्या गावच्या टोपल्या ओळीनं मांडल्या होत्या. पाद्रीनं पाणी शिंपडलं, थोडं कोकराच्या डोक्यावर, थोडं नॉर्बर्टवर. तो संपूर्ण वेळ कुणाशी बोलला नाही, भिंतींकडं पाहिलं नाही. ओळखीच्यांनी विचारलं, नॉर्बर्ट, तब्येत बरी ना?

घरी आल्यावर रोझॅन तळघरात गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला दांडा खांद्यावर घेऊन वर आली. ड्रिल आणलं. म्हणाली, "आतलं लाकूड कुठं आहे?"

"काय करतेस?"

"ऐक. बिछाना आजपासून खाली, पुढच्या खोलीत. किल्ली काकाकडं. रोज संध्याकाळी सहाला तू काकाला फोन करायचा. नाही आला फोन तर तो गाडीत बसेल आणि मला कळवेल. हे ख्रिसमसपर्यंत. तुझा शब्द मी तोपर्यंत माझ्याकडं ठेवते, परत दिलेला नाही. मधे पडलास आणि लपवलंस तर मी स्वतः येऊन पाटी लावीन, घर विकणे आहे. कळलं?"

"सहाला जेवतो मी."

"मग फोन करून जेव. लाकूड कुठंय?"

नॉर्बर्ट उठला. डाव्या हाताच्या बोटाच्या सांध्यांनी भिंतीवर ठोकत गेला. पोकळ, पोकळ, पोकळ, भरीव. "इथं," म्हणाला. पुढं सोळा इंच. "इथं." त्यानं पेन्सिलीनं खूण केली नाही, नखानं केली. ड्रिल भिंतीत गेलं तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. आठ भोकं. प्रत्येकाला तो "हळू, हळू" म्हणाला, दाताच्या डॉक्टरकडं बसल्यासारखा. दांडा बसला. तो धरून नॉर्बर्ट चार पायऱ्या चढला आणि टेंगळापाशी थांबला.

"गोणी आण," तो लिऑनला म्हणाला. "पाऊण तासवाली. हे सगळं खरवडून काढू. रोझॅन धरेल पातं, मी सांगतो तसं..."

"नाही," रोझॅन म्हणाली. "ते राहू दे."

"काय राहू दे?"

"ते टेंगूळ. मी आले की मला दिसलं पाहिजे. तुलाही रोज दिसू दे."

"अगं पण लोक येतात घरी!"

"येऊ देत की."

त्यानं खूप समजावलं. ओरडला, विनवलं, खांदा दुखतोय म्हणाला. सोमवारी ती पिट्सबर्गला गेली तेव्हा टेंगूळ जागच्या जागी होतं, आणि अजून आहे. वांडाचा फोटो तेवढा डोळ्यांच्या उंचीला गेला. आता घरी कुणी आलं तर सूप येण्याआधी नॉर्बर्ट जिन्याकडं बोट दाखवतो आणि कुणी विचारायच्या आत सांगतो, "ते माझं नाही. भावाचं आहे. तो शिकलेला आहे."

आणि रोज सहा वाजता, ऊन काचेतून आत आलं की, दांडा धरून तो चौथ्या पायरीवर उभा राहतो आणि फोन लावतो.

"लिऑन."

"बोल. उभा आहेस का?"

"उभा आहे. दिसतोय तुझा डोंगर. आज ऊन असं पडलंय की शिखरावर बर्फच वाटतोय."

"पडदा लाव."

"पडदा कशाला लावू? माझं घर आहे, मी ऊन घेणार. कडा ओढायला सांगत होतो मी. कडा!"

"बरं. जेव आता. उद्या सहाला."

"सहाला," नॉर्बर्ट म्हणतो, आणि फोन ठेवायच्या आधी आणखी एकदा, "कडा!"